नसलेल्या माणसाचे चित्र

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात युनियन नावाचे एक लहान गाव आहे. २५ ऑक्टोबर १९९४ च्या रात्री नऊच्या सुमारास गावाबाहेरच्या तलावाजवळ एका घराचे दार कुणीतरी धडाधडा वाजवले. दारात तेवीस वर्षांची सुझन स्मिथ रडत उभी होती. तिचे म्हणणे असे, की मोनार्क नावाच्या चौकात लाल दिवा लागला म्हणून तिने गाडी थांबवली, तेवढ्यात एक काळा माणूस पिस्तूल घेऊन आत शिरला, त्याने काही मैल गाडी चालवायला लावली आणि मग तिला उतरवून तो गाडी घेऊन निघून गेला. मागच्या सीटवर तिची दोन मुले होती. मायकेल तीन वर्षांचा, अ‍ॅलेक्स चौदा महिन्यांचा.

पुढचे नऊ दिवस सारा अमेरिका देश या दोन मुलांना शोधत होता. गावाने पिवळ्या फिती बांधल्या, चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. त्या प्रार्थनांत आणि शोधपथकांत गावातले काळे लोकही होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पोलिसांच्या चित्रकाराने तिच्या सांगण्यावरून एक चित्र काढले. विणलेली टोपी घातलेला, विशीतिशीतला काळा माणूस. ते चित्र सगळीकडे झळकले आणि साहजिकच त्या चित्रासारखे दिसणारे अनेक जण ठिकठिकाणी अडवले गेले, त्यांना प्रश्न विचारले गेले. चित्र तरी काय होते? त्या वयाच्या कुठल्याही काळ्या माणसासारखे दिसावे इतपतच ते स्पष्ट होते. सुझन दूरचित्रवाणीवर आली, मुलांना परत आणा म्हणून हात जोडून रडली. शेजारी तिच्यापासून वेगळा राहणारा नवरा डेव्हिड बसला होता. त्याचा तिच्या शब्दान् शब्दावर विश्वास होता.

३ नोव्हेंबरला तिने कबुली दिली. मुले गाडीसकट त्याच तलावात होती. तिनेच हँडब्रेक सोडून गाडी उतारावरून पाण्यात जाऊ दिली होती. पाणबुड्यांनी आधी तलाव धुंडाळला होता, पण काठाजवळ. गाडी काही काळ तरंगत काठापासून सुमारे १२२ फूट आत जाऊन बुडाली होती. सरकारी पक्षाने नंतर तशाच गाडीचा प्रयोग करून पाहिला, तेव्हा ती बुडायला सहा मिनिटे लागली. या सहा मिनिटांविषयी मी काही लिहू इच्छित नाही. कादंबरीकारालाही काही जागा सोडून द्याव्या लागतात.

मला बोलायचे आहे ते त्या टोपीवाल्या माणसाविषयी. तो नव्हताच. पण नऊ दिवस तो त्या देशातला सर्वांत जास्त शोधला गेलेला माणूस होता.

आपल्या हातून किंवा आपल्या घरात मूल मरते, आणि मग घरातलेच कुणीतरी ‘मूल पळवले’ अशी ओरड करते. आपल्याकडची वर्तमानपत्रे याला ‘अपहरणाचा बनाव’ म्हणतात. शब्द नेमका आहे. बनाव एकट्याने रचता येतो, पण वठवायला प्रेक्षक लागतात. मूल आजाराने गेले म्हणायचे तर डॉक्टर लागतो, दाखला लागतो. अपघाताने गेले म्हणायचे तर देह दाखवावा लागतो. पळवले म्हणायला काहीच लागत नाही. उलट देह नसणे हाच त्या गोष्टीचा पुरावा होतो. शिवाय गोष्टीत मूल जिवंत राहते. सांगणाराही, मला वाटते, ते काही तास अर्धवट खरे मानत असावा. बँकेत हिशेब जुळला नाही की तफावत तात्पुरती ‘सस्पेन्स’ खात्याला टाकतात, म्हणजे दिवसाचे पुस्तक बंद करता येते. मृत्यूची नोंद अशी सस्पेन्सला टाकण्याचा हा प्रकार. आणि त्याच वेळी आरोपीच्या जागी उभे राहायचा तो माणूस सहानुभूतीच्या जागी जाऊन बसतो. लोक जेवण आणून देतात, पाठीवरून हात फिरवतात.

मात्र या गोष्टीला एक पात्र लागतेच लागते. पळवणारा. त्याचे वर्णन पोलीस पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, आणि सांगणाऱ्याला तो माणूस घडवायला तेवढाच वेळ असतो. पाच मिनिटांत नवे पात्र घडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. त्याला महिने लागतात. पाच मिनिटांत उचलता येते ते तयार पात्र, जे ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून बसलेले आहे. सुझनला ते पात्र शोधावे लागले नाही. ज्या दक्षिणेत गोऱ्या बाईच्या नुसत्या शब्दावर काळ्या माणसाला झाडाला टांगले जात असे, ज्या दक्षिणेत १९५५ साली चौदा वर्षांच्या एमेट टिलला एका गोऱ्या बाईशी केलेल्या कथित आगळिकीपायी ठार मारले गेले आणि मारणारे सुटले, तिथे ते पात्र पिढ्यान् पिढ्या उभेच होते. तिने फक्त त्याला टोपी घातली.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर बनावट चेक वटतो तो सहीच्या सफाईने नव्हे. काउंटरवरच्या माणसाला जी सही अपेक्षित आहे तशी ती दिसली, की तो वर बघतच नाही.

बँकेचा विषय निघालाच आहे तर एक प्रकरण सांगतो. यात मूल नाही, नुसते पैसे आहेत. ऐंशीच्या दशकात मी तपासणी अधिकारी म्हणून फिरतीवर होतो. एका शाखेचा रोखपाल बाजारच्या दिवशी दुसऱ्या गावच्या कचेरीत रोकड घेऊन जाताना लुटला गेला. फाट्यावर एसटीतून उतरून पायवाटेने निघालो, तिघांनी डोळ्यांत तिखट टाकले, पिशवी हिसकावली, असे त्याने सांगितले. कोण होते? ‘पारध्यांसारखे दिसत होते.’ बस्स. त्याच रात्री माळावरच्या पालांतून पाच पारधी उचलले गेले. ज्या जमातीला इंग्रजांनी कायदा करून जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि ज्यांच्यावरचा तो शिक्का स्वतंत्र भारताने १९५२ साली कागदोपत्री पुसला, त्यांच्याविषयी आणखी पुरावा मागायची गरज कुणालाच वाटली नाही. रोखपाल अकरा दिवस रजेवर होता, स्टाफने त्याच्यासाठी वर्गणी काढली.

हे उलगडले ते त्याच्या प्रवासभत्त्याच्या बिलामुळे. गडी शिस्तीचा. लुटला गेला त्या दिवसाचेही बिल त्याने लावले होते आणि त्याला एसटीचे तिकीट टाचले होते. ते तिकीट फाट्यापर्यंतचे नव्हते. फाट्याच्या पुढे, त्याच्या सासुरवाडीपर्यंतचे होते. फरक एक रुपया चाळीस पैशांचा. पैसे सासऱ्याच्या माळ्यावर सापडले. रोखपालाची नोकरी गेली, खटला झाला, हे रीतसर झाले. पाच पारधी सुटले. त्यांतल्या एकाचा हात कोठडीतून बाहेर आला तेव्हा मोडलेला होता. मी अहवालात त्यांच्याविषयी एक परिच्छेद लिहिला होता. ‘बँकेशी संबंधित नाही’ असा शेरा मारून वरच्या कार्यालयाने तो काढला. पैशांचा हिशेब पुरा जुळला होता, त्यामुळे शेरा तांत्रिकदृष्ट्या बरोबरच म्हणायचा.

सुझनच्या बाबतीतही घात केला तो अशाच एका क्षुल्लक गोष्टीने. मोनार्कच्या चौकातला दिवा तिच्या रस्त्यासाठी कायम हिरवाच असायचा. आडव्या रस्त्यावर गाडी आली तरच तो तिच्या बाजूला लाल व्हायचा. आणि तिने तर सांगितले होते, की चौकात दुसरी एकही गाडी नव्हती! मग दिवा लाल झाला कसा? शेरीफ हॉवर्ड वेल्स यांनी हे हेरले. त्यांनी तिला एक थापही मारली, की त्या रात्री त्या चौकावर आमची माणसे पाळत ठेवून होती. तुझ्या या गोष्टीने इथल्या काळ्या लोकांना फार भोगावे लागते आहे, आता मला ती खोटी असल्याचे जाहीर करावे लागेल, असेही ते म्हणाले. चर्चच्या इमारतीतल्या एका खोलीत ती कोसळली. मला वेल्स यांच्याबद्दल आदर वाटतो तो एवढ्यासाठी, की त्या नऊ दिवसांत त्यांनी शोध थांबवला नाही आणि प्रश्न विचारणेही थांबवले नाही.

सोपे वाटते, पण नाही. कारण संशयाचीही एक चैन असते. १७ ऑगस्ट १९८० रोजी ऑस्ट्रेलियातल्या उलुरू खडकाजवळच्या तळावरून लिंडी चेंबरलेनचे नऊ आठवड्यांचे मूल नाहीसे झाले. डिंगो, म्हणजे तिथला रानकुत्रा, मुलाला घेऊन गेला असे ती सांगत राहिली. लोकांना ते पटेना. मुख्य म्हणजे बाई पुरेशी रडत नव्हती. १९८२ साली तिला खुनासाठी जन्मठेप झाली. १९८६ साली त्या मुलीचे जाकीट डिंगोंच्या वावराच्या जागी सापडले तेव्हा तिची सुटका झाली, १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली आणि मृत्यूच्या दाखल्यावर डिंगोचे नाव यायला २०१२ साल उजाडले. म्हणजे जी रडली तिच्यावर विश्वास ठेवला गेला आणि जी रडली नाही तिला तुरुंगात टाकले गेले, आणि दोन्ही वेळा चुकलेच. डोळ्यांतले पाणी हे व्हाउचर नव्हे. सिग्नलचा दिवा, एसटीचे तिकीट, जाकीट ही व्हाउचरे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलना’च्या याचिकेवर आदेश दिला, की मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवले गेले असावे असे गृहीत धरून गुन्हा नोंदवावा. हा आदेश योग्यच आहे. त्याआधी गरिबाचे मूल हरवले तर ‘येईल संध्याकाळपर्यंत’ म्हणून त्याला ठाण्यातून परत पाठवत. थोड्यांच्या बनावापायी उरलेल्यांची तक्रार संशयाने ऐकायची, असे कुणी म्हणत असेल तर माझा त्याला सक्त विरोध आहे. गुन्हा लगेच नोंदवा, मूल लगेच शोधा. पण पळवणाऱ्याचे चित्र छापण्याची घाई कशाला?

हे चित्र देशोदेशी बदलते. १९८९ च्या ऑक्टोबरात बॉस्टनमध्ये चार्ल्स स्ट्युअर्टने आपल्या गरोदर बायकोला गोळी घातली, स्वतःलाही जखम करून घेतली आणि काळ्या माणसाने गाडीत शिरून हे केले म्हणून सांगितले. शस्त्रक्रिया करून जन्माला घातलेले मूल सतरा दिवसांनी गेले. पोलिसांनी मिशन हिल ही वस्ती पिंजून काढली, तरुणांना भर रस्त्यात कपडे उतरवायला लावून झडत्या घेतल्या. ४ जानेवारी १९९० ला, भावाने खरे सांगितल्यावर, स्ट्युअर्टने पुलावरून उडी घेतली. सिसिलीत, कातानियाजवळ, जून २०२२ मध्ये एका आईने सांगितले, की बुरखेधारी सशस्त्र माणसांनी रस्त्यात गाडी अडवून तिच्या पाच वर्षांच्याही नसलेल्या मुलीला नेले. सिसिलीत हे पात्र तयार असते, तिथल्या इतिहासाने ते पुरवले आहे. दुसऱ्या दिवशी मुलीचा देह घराजवळच्याच शेतात निघाला. फ्लोरिडात २००८ साली केसी अँथनीने महिनाभर बेपत्ता असलेल्या आपल्या मुलीबद्दल एका दाईचे नाव घेतले, तेही लॅटिन अमेरिकी वळणाचे. अशी दाई नव्हतीच. खुनाच्या आरोपातून न्यायालयाने केसीला निर्दोष सोडले, पोलिसांशी खोटे बोलल्याबद्दल दोषी धरले. मूल घरच्या तलावात अपघाताने बुडाले असे तिच्या वकिलांचे म्हणणे होते. गंमत म्हणावी की दुर्दैव, त्या नावाची एक खरी बाई निघाली, आणि तिला आपण ती नव्हेच हे जगाला सांगत बसावे लागले.

आणि आपल्याकडे? आपल्या मनातले पात्र कोणते, हे विचारायला नको. लहानपणी जेवत नसलो की ज्याची भीती घातली जायची, तो झोळीवाला. गोसावी, भिकारी, अस्वलवाला, जो गावचा नाही तो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले. मुले पळवणारी टोळी म्हणून जमावाने त्यांना घेरले. त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि तिथेच ठेचून मारले. गावातले एकही मूल हरवले नव्हते. युनियन गावात निदान दोन मुले तरी खरोखर नाहीशी झालेली होती.

त्या दिवसांत मोबाइलवर एक चित्रफीत देशभर फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पसार होतात. ती कराचीतली होती. मुलांना जपा हे सांगण्यासाठी तिथल्या एका संस्थेने केलेली जाहिरात. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापून टाकला होता. म्हणजे हाही बनावच, फक्त अभिनय केलेल्यांचा हेतू चांगला होता.

आणि खऱ्या मुले पळवणाऱ्या? कोल्हापूर-नाशिक-पुण्याच्या वाचकांना अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली आठवत असतील. १९९० ते १९९६ या काळात पाकीटमारीसाठी त्यांनी मुले उचलली आणि त्यांतली कित्येक मारली. १९९६ साली त्या पकडल्या गेल्या. एक आई, दोन लेकी, कडेवर मूल. जत्रेत, स्टँडवर त्यांच्याकडे कुणी दोनदा पाहिलेही नसेल. गर्दीत एखादीने आपले मूल ‘जरा धरता का’ म्हणून त्यांच्याकडेच दिले असते. आपल्या मनातल्या चित्रात त्या नव्हत्या. झोळीवाला होता.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते पोलिसांइतकेच आमच्या वर्तमानपत्रांनाही उद्देशून आहे. मुलाचा फोटो पहिल्या पानावर छापा, मोठा छापा, रोज छापा. गाडीचा नंबर, अंगावरच्या कपड्यांचा रंग छापा. पण ‘पारध्यांसारखा’, ‘परप्रांतीय’, ‘अमुक समाजाचा वाटणारा’ हे शब्द शोधाला कसलीही मदत करीत नाहीत. ते एका माणसाचे वर्णन नसते, एका वस्तीचा पत्ता असतो. खोटी माहिती देणाऱ्याला आपल्या कायद्यात शिक्षा आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत होती, २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही आहे. पुरावा नाहीसा करणाऱ्यालाही आहे. मात्र त्या खोट्यापायी ज्याचा हात मोडला त्याला काय द्यायचे, हे ठरलेले नाही. त्याचे नाव खटल्याच्या कागदांत कुठेच येत नाही, कारण तो त्या खटल्यात कुणीच नसतो.

सुझन स्मिथचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे. खटल्यात तिचे आयुष्य बाहेर आले. ती सहा वर्षांची असताना वडिलांनी आत्महत्या केली होती. सावत्र बापाने, जो गावातला धर्मनिष्ठ आणि राजकारणात वजन असलेला माणूस, तिचे शोषण केले होते आणि त्याने ते कबूलही केले. घटनेच्या आठच दिवस आधी ज्या श्रीमंत मुलावर तिचे प्रेम होते त्याने, मुलांची जबाबदारी मला नको, असे पत्र पाठवले होते. हे सगळे ऐकून ज्यूरीने जुलै १९९५ मध्ये तिला दोषी ठरवले आणि फाशी मात्र नाकारली. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. २० नोव्हेंबर २०२४ ला, तीस वर्षांनंतर, तिचा पॅरोलचा अर्ज एकमताने फेटाळला गेला. डेव्हिडने त्याला विरोध केला होता.

कबुलीनंतर तिच्या भावाने कुटुंबातर्फे काळ्या समाजाची जाहीर माफी मागितली होती. अशा प्रकरणांत हे क्वचितच घडते. २००१ साली कॉर्नेलियस ईडी या कृष्णवर्णीय कवीने ‘ब्रूटल इमॅजिनेशन’ नावाचा संग्रह काढला. त्यातल्या कवितांत बोलतो तो तिने कल्पनेने निर्माण केलेला टोपीवाला माणूसच. कादंबरीकार रिचर्ड प्राइसने त्याआधीच, १९९८ मध्ये, ‘फ्रीडमलँड’ लिहिली होती. तिच्यात आईच्या अशाच एका गोष्टीपायी पोलीस काळ्या लोकांच्या सगळ्या वसाहतीला वेढा घालतात. दोघांनाही आई हा विषय पुरेसा वाटला नाही.

बॉस्टनमध्ये स्ट्युअर्टच्या शब्दावर ज्या दोघा काळ्या पुरुषांवर संशय घेऊन त्यांना पकडले होते, विली बेनेट आणि अ‍ॅलन स्वान्सन, त्यांची शहरातर्फे जाहीर माफी महापौर मिशेल वू यांनी मागितली ती डिसेंबर २०२३ मध्ये. चौतीस वर्षांनी. माळावरच्या त्या पालांची जागा आता मला दाखवता येणार नाही. तिथून रुंद रस्ता गेला आहे.